वेगाचा वर्ग आणि नवा चालक

कुंभकोणम येथे सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे घर आहे. देवालयांभोवतीच्या अशा रस्त्यांवर पादचारी, सायकली आणि मोटारी यांची एकत्र वर्दळ असते. ज्याला परवाना नुकताच मिळाला आहे, अशा तरुणाने येथे जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घ्यावी काय? प्रथम थोडे गणित पाहू.

गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, की ब्रेकांना चौपट ऊर्जा शोषून घ्यावी लागते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात ११ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर, कोरड्या रस्त्यावर, ती आणखी सुमारे ९ मीटरांनी थांबते. वेग ८० असल्यास हीच अंतरे २२ व ३५, म्हणजे एकूण ५७ मीटर होतात. स्पोर्ट्स मोटार हा वेग काही सेकंदांतच गाठते. धोका आधी ओळखण्याची दृष्टी मात्र अनुभवानेच, सावकाश येते.

मोटार जुनी असल्यास संकट वाढते. टायरचे रबर कालांतराने कठीण होऊन त्याची पकड घटते. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषतो. मग तो तापला, की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन ब्रेक दुबळे पडतात. चकचकीत रंगाखाली हे दोष दिसत नाहीत.

म्हणून पहिली मोटार साधी, कमी शक्तीची असावी. हौसेची मोटार अनुभव आल्यावर, आणि तीही जाणत्या कारागिराकडून तपासूनच घ्यावी.