'आमचा' संघ कोणाचा?

'आमचा' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो! आमचे गाव, आमची शाळा, आमचा संघ. कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा शब्द फार जवळचा, कारण त्याला सातबारा लागत नाही. अमेरिकेतल्या खेळाच्या धंद्यात मात्र याच शब्दाची किंमत शहरांकडून वसूल केली जाते. ती कशी, ते आज सांगायचे आहे.

मुंबईचा रणजी संघ मुंबई क्रिकेट असोसिएशनचा. तो उद्या गाशा गुंडाळून परराज्यात जाणार नाही. अमेरिकेतले फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉलचे बडे संघ मात्र बहुतेक धनिकांच्या खासगी मालकीचे. जर्सीवर शहराचे नाव असते, कागदावर शहराचा हक्क नसतो. संघ किती असावेत, हे या मालकांचीच लीग ठरवते, आणि ती संख्या मागणीपेक्षा कमीच राहते. त्यामुळे संघासाठी आसुसलेले एखादे शहर कायम शिल्लक असते. त्याच्याकडे बोट दाखवून मालक म्हणतो, "जनतेच्या पैशातून नवे स्टेडियम बांधा, नाहीतर मी चाललो."

बाल्टिमोरची गोष्ट घ्या. तिथल्या कोल्ट्स या फुटबॉल संघाचा स्टेडियमवरून वाद चालू होता. सरकार जमीन संपादन करते तसा संघच ताब्यात घ्यावा, असे विधेयक मेरीलँडच्या विधिमंडळात पुढे सरकले. ते पाहून २८ मार्च १९८४ च्या रात्री मालकाने ट्रक बोलावले आणि सारे सामान इंडियानापोलिसला हलवले. तिथे नवे स्टेडियम बांधून होतच आले होते. सकाळी बाल्टिमोर जागे झाले ते संघाविना.

पुढे हेच पोळलेले बाल्टिमोर दुसऱ्या शहरासाठी आमिष ठरले. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी क्लीव्हलंड ब्राउन्सचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवायला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. लोकांनी पैसे दिले, संघ तरी गेलाच.

एवढा खर्च शहराला परत मिळतो का? अर्थतज्ज्ञांचे उत्तर बहुतांशी 'नाही' असेच आहे. तिकिटावर जाणारा पैसा एरवी त्याच गावातल्या सिनेमा-हॉटेलांत गेला असता. फुटबॉलचे स्टेडियम तर वर्षातले मोजकेच दिवस भरते. तरीही पुढारी नमतात, कारण 'यांच्या कारकिर्दीत संघ गेला' हा ठपका कुणालाच नको असतो.

मग प्रेक्षकांनी काय करावे? ओकलंडच्या बेसबॉल संघाबाबत प्रेक्षकच येत नाहीत, अशी तक्रार होत असे. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी ठरवून स्टेडियम भरले. सत्तावीस हजारांहून अधिक लोक आले. अनेकांच्या अंगातल्या शर्टावर मालकासाठी एकच शब्द होता: 'विका'. दोनच दिवसांनी नेवाडा राज्याने लास व्हेगासमधल्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या मदतीचा कायदा केला. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. गर्दीने प्रेम सिद्ध झाले, मालकी बदलली नाही.

क्लीव्हलंडने मात्र कोर्टकचेरीची वाट धरली. १९९६ च्या तडजोडीत ब्राउन्स हे नाव, रंग आणि सारे जुने विक्रम शहराकडेच राहिले. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. अर्थात त्याच्या स्टेडियमचा मोठा भार पुन्हा जनतेवरच पडला.

खरा बंदोबस्त केला तो विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावाने. तिथला पॅकर्स हा फुटबॉल संघ १९२३ पासून सामान्य भागधारकांचा आहे. आज ते पाच लाखांहून अधिक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही, शेअर नफ्याने विकता येत नाही. म्हणून संघ पळवण्यात कुणाचाच फायदा नाही. लीगच्या आजच्या नियमांत दुसऱ्या संघाला अशी रचना करता येत नाही, यातच सारे आले.

ज्या शहराला ही वाट बंद आहे, त्याने निदान थैली सोडण्यापूर्वी विचारावे: संघ किती वर्षे राहणार, आधी गेला तर भरपाई किती, आणि नाव कोणाकडे राहणार? उत्तरे करारात लिहून घ्यावीत. 'आमचा' म्हणायला कागद लागत नाही, राखायला लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)