एका घरात दोन चुली

चेन्नईतल्या मैलापूरला कपालीश्वराच्या देवळात संध्याकाळची घंटा वाजत होती, सव्वासहा झाले होते, आणि माझ्या संगणकात दुपारचा पाऊण वाजला होता. साल १९९९. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी गेली असेल म्हणून मी ती बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घड्याळ साडेपाच तास मागे. एक मिनिट कमी नाही, एक जास्त नाही. बिघडलेलं घड्याळ इतक्या शिस्तीत मागे पडत नाही.

खालच्या मजल्यावर घरमालक राहत. तंजावरी मराठी कुटुंब, पोथ्यांतलं वाटावं असं मराठी बोलणारं, पण तेच मराठी तमिळ लिपीत लिहिणारं. मी त्यांना मामा म्हणे. त्यांचा नातू इंजिनिअरिंगला होता. आयआयटीच्या आवारात दर महिन्याच्या एका शनिवारी चेन्नईच्या लिनक्सवाल्यांची बैठक भरे, तिथे तो नेमानं जाई. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "अक्का, घड्याळ बरोबर आहे. वाचणारे दोघे आहेत."

झालं होतं ते असं. संगणकात घड्याळ एकच, बॅटरीवर चालणारं. विंडोज धरून चालतं की त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्स बसवताना मात्र एका चौकटीत मी न समजता खूण केली होती, त्यामुळे ते घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवी आणि पडद्यावर साडेपाच तास मिळवून दाखवी. दोघंही आपापल्या जागी खरी, आणि दोघांनाही दुसऱ्याचा पत्ता नाही.

हा घोळ या शहराला नवा नव्हता, हे मला पुढे कळलं. मैलापूरहून जवळच नुंगमबाक्कमला १७९२ साली वेधशाळा उभी राहिली. तिची मद्रास वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं १४ सेकंद पुढे, आणि देशभरातल्या रेल्वेगाड्या बराच काळ त्याच वेळेवर धावल्या. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. मद्रासनं नऊ मिनिटं सोडून दिली. मुंबई मात्र अडून बसली. तिची जुनी वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि तिथल्या महापालिकेनं ती १९५५ पर्यंत सोडली नाही. स्टेशनात एक वेळ, गावात दुसरी. आमच्या मुंबईकरांनी जवळजवळ पन्नास वर्षं ज्यात काढली, त्याचं मला दोन दिवसांत रडू येत होतं.

संगणक रिची स्ट्रीटवरून जुळवून आणलेला होता: सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, हार्ड डिस्क, विंडोज ९८. पुण्याच्या प्रकाशकांसाठी मराठी मजकूर जुळवायचा, हा माझा उद्योग. लिनक्सची सीडी 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत आली होती आणि नातवाच्या आग्रहाला मी बळी पडले.

पहिलं काम वाटणीचं. आधी डीफ्रॅग चालवून विंडोजचा सगळा पसारा डिस्कच्या एका टोकाला सरकवायचा, मग फिप्स नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं उरलेल्या जागेत हद्द आखायची. डिस्कच्या अगदी पहिल्या खणात ५१२ बाइट असतात. त्यात ४४६ बाइटांचा संगणक जागा करणारा प्रोग्रॅम, ६४ बाइटांची वाटण्यांची नोंद आणि शेवटी दोन बाइटांची खूणगाठ. त्या ६४ बाइटांत फक्त चार नावं मावतात. मामांना मी सांगितलं, की हा डिस्कचा सातबारा. त्यांना सातबारा ठाऊक नव्हता. तो काय ते समजावण्यात अर्धा तास गेला. एका यंत्रात दोन व्यवस्था नांदवायच्या आहेत, हे मात्र त्यांना लगेच कळलं. त्यांच्या घराण्यात तीनशे वर्षं तेच चाललं होतं.

पहिल्या रात्री संगणक सुरू केला आणि काळ्या पडद्यावर दोनच रोमन अक्षरं उमटली: एल, आय. पुढे सामसूम. सुरुवातीला कोणती व्यवस्था उठवायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव लिलो. चार अक्षरांचं ते नाव तो एकदम लिहीत नसे. एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर. म्हणजे किती अक्षरं उमटली यावरून गाडी कुठे अडली ते कळे. माझी अर्ध्या वाटेवर अडली होती. जुन्या बायॉसला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं वाचता येत नसे आणि मी लिनक्सची वाटणी नेमकी त्या हद्दीपार टाकली होती. नातवानं फ्लॉपीवरून यंत्र उठवलं, हद्दीच्या आत एक छोटी वाटणी पाडली, आणि पहाटे चारही अक्षरं दिसली. मामींनी वर फिल्टर कॉफी पाठवली.

त्या पहाटे नातवानं सांगितलेली गोष्ट मी नंतर कित्येकांना सांगितली आहे. लिनक्स लिहिणारा लायनस टोरवाल्ड्स १९९१ साली स्वतःही दोन चुलींचाच माणूस होता. मिनिक्स नावाची प्रणाली वापरत वापरत त्यानं आपली प्रणाली रचली. एकदा मोडेमवरून नंबर फिरवायचा, तर चुकून त्यानं तो हार्ड डिस्कलाच फिरवला आणि मिनिक्सची वाटणी खराब झाली. मिनिक्स पुन्हा बसवण्यापेक्षा आपलंच घर राहण्याजोगं करावं, असं त्यानं ठरवलं.

माझी वाटणीही उडाली, पण तो चार वर्षांनंतरचा आणि माझ्या आळसाचा प्रताप: बॅकअप घेतला नव्हता. तोवर एक गोष्ट शिकून झाली होती. विंडोज नव्यानं टाकलं की सुरुवातीचे ते ४४६ बाइट ते स्वतःचे लिहितं आणि मेनूतून लिनक्स नाहीसं होतं. लोक छाती बडवतात, की सगळं गेलं. प्रत्यक्षात सातबारा शाबूत असतो. बदललेली असते फक्त दारावरची पाटी. फ्लॉपीवरून आत शिरायचं, लिलोची एक आज्ञा द्यायची, पाटी पुन्हा जागेवर.

त्या काळात सगळे म्हणत, की ही सोय तात्पुरती आहे. हात बसला की विंडोज काढून टाकशील. मलाही तसंच वाटे. आड आलं ते मराठी. पुण्याहून फाइली श्रीलिपीत येत आणि श्रीलिपीतच परत जाव्या लागत. तो कारभार विंडोजवरचा. युनिकोड आल्यावर वाटलं, आता सुटलो. पण तेव्हाच्या लिनक्सवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसायची ती मागे जाऊन बसे, आणि मराठीचा खास अर्धा र तर कुणाच्या गावीच नव्हता. सह्याद्रीवरच्या एका पुस्तकात दऱ्या होत्या, पडद्यावर त्यांचा दर्या झाला. आचाऱ्याला दिलेला शिधा आचार्यांना पोचला. विंडोजही धुतल्या तांदळाचं नव्हतं. एक्सपीवर देवनागरीसाठी मूळ सीडी शोधून वेगळ्या फाइली चढवाव्या लागत. लोहितसारखे मुक्त फॉन्ट आले, ते अक्षरं नीट बसवणारे प्रोग्रॅम सुधारत गेले, आणि एक दिवस लिनक्सवर दऱ्या दऱ्याच राहिल्या. तोवर दोन्ही चुली पेटत्या ठेवायची सवय झाली होती.

मधली वर्षं सुखाची. २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटू आलं आणि मागितलं की सीडी फुकट घरपोच. पोस्टमन पाकीट देताना म्हणायचा, परदेशचं टपाल. ती सोय २०११ मध्ये बंद झाली. बसवतानाच 'दुसऱ्या प्रणालीशेजारी' असा पर्याय समोर येऊ लागला, वाटणीची रेघ माउसनं ओढता येऊ लागली. २००८ मध्ये वुबी आलं: वाटणीच नको, विंडोजच्या एका फाइलीतच लिनक्सनं पोटभाडेकरूसारखं राहायचं. लिनक्समधून विंडोजच्या एनटीएफएस वाटणीवर निर्धास्त लिहायची सोय २००७ पासून झाली. तोवर मी दोघांना समाईक अंगण म्हणून फॅटची एक वेगळी वाटणी राखली होती.

चेन्नईत तर सरकारच या फंदात पडलं. टायडेल पार्क म्हणजे तिरुमयिलै स्टेशनावरून लोकलनं जाण्याचं ठिकाण. तिथल्या सी-डॅकमधून २००७ च्या सुरुवातीला बॉस लिनक्सची पहिली आवृत्ती निघाली. पूर्ण नाव भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स. राज्याच्या एल्कॉट या महामंडळानं त्याच सुमारास आपले संगणक सुसे लिनक्सवर नेले. शेजारच्या केरळनं शाळांतून लिनक्सच ठेवलं. तमिळनाडूनं २०११ च्या सप्टेंबरात विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटायला सुरुवात केली, त्यांत विंडोज आणि बॉस शेजारीशेजारी होते. माझ्या माहितीतल्या पोरांनी बॉसची जागा महिनाभरात सिनेमांना दिली. तरी पहिला मेनू त्यांनी पाहिला: संगणक सुरू होताना विचारतो, आज कोण? दुसरं काही असतं हे कळायला तेवढा प्रश्नही पुरतो.

२०१२ साली चेन्नईत रोज ठरलेले दोन तास वीज जायची. वाटणीची रेघ सरकत असताना वीज गेली तर दोन्ही घरं कोसळणार. म्हणून मी भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर लावून मुहूर्त काढत असे. त्याच वर्षी विंडोज ८ आलं आणि खेळाचे नियम बदलले. नव्या यंत्रांत बायॉसच्या जागी यूईएफआय, आणि दारावर सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी: सही नसलेल्याला प्रवेश नाही. लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडूनच सही करून घेतला आणि तो पुढे केला. बरंही झालं: आता प्रत्येकाचा स्वतंत्र कप्पा, पाटी पुसण्याची भांडणं कमी. वाईट इतकंच, की विंडोज बंद केल्यासारखं दाखवून अर्धवट झोपू लागलं, आणि शेजाऱ्याला त्याच्या खोलीत काही ठेवायचं तर दार आतून लागलेलं.

२०१६ मध्ये विंडोजनं लिनक्स आपल्याच पोटात घेतलं. आता दोन चुलींची गरज नाही, असं पुन्हा एकदा सगळे म्हणाले. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनं जगभरातल्या कितीतरी दुहेरी यंत्रांचं लिनक्स उठेनासं झालं. दुहेरी यंत्रांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं, पण काही यंत्रं दुहेरी आहेत हे अपडेटला ओळखताच आलं नाही. मी बातमी वाचली आणि मला १९९९ मधला पाऊण आठवला. पंचवीस वर्षांत या घरात जितकी भांडणं झाली, ती सगळी या एकाच मुळाशी येतात. आपल्याखेरीज इथे कुणी राहतं, हे धरूनच न चालणं. आणि जितकं निभावलं, ते एकानं तरी आधी 'शेजारी कोण?' असं पाहिलं म्हणून.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. माझ्या डेस्कटॉपला ११ चालत नाही. आता विंडोजचं इंटरनेट तोडून त्याची ६० जीबीची वाटणी ठेवली आहे. तिच्यात पंधरा वर्षांच्या श्रीलिपीतल्या फाइली आहेत. मामा आता नाहीत, नातू परदेशी असतो. मागच्या आठवड्यात एका जुन्या दिवाळी अंकातला लेख काढायला मी विंडोज उघडलं. संध्याकाळचे सव्वासहा झाले होते. कोपऱ्यात पाहिलं: सव्वासहाच. कधीतरी नातवानं लिनक्सला सांगून ठेवलं होतं, की घड्याळात इथलीच वेळ लिही. असं केलं तर लिनक्स दर वेळी इशारा देतं, की ही पद्धत बरोबर नाही. इशारा देतं, आणि शेजाऱ्याची वेळ लिहून ठेवतं.