सोळा हात आणि पिठाचा डबा

नोकरी सोडून हवेच्या प्रवाहाची गणितं घरूनच करून द्यायची, असं नवऱ्यानं ठरवलं आणि तळघरात वर्कस्टेशन बांधायची यादी निघाली. पैसे साठवणीतले. लग्नाआधी मी शाळेत गणित शिकवत असे, त्यामुळे प्रोसेसरची निवड माझ्याकडे आली.

जाहिराती कोअर मोजायला लावतात. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्ये २४ कोअर असतात खरे, पण त्यातले ८ दमदार आणि १६ काटकसरी.

आता फराळ बघा. करंज्या लाटायला मैत्रिणी आल्या की काम भराभर होतं, पण सारण भाजणं एकीचंच. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये संगणकाबद्दल हेच मांडलं. कामाचा दहावा हिस्सा वाटून घेता येत नसेल, तर १६ कोअरनी वेग ६.४ पट होतो आणि ३२ कोअरनी फक्त ७.८ पट. कितीही कोअर लावा, दहापट काही गाठता येत नाही. (हे वर्गात शिकवायला मला फार आवडलं असतं.)

प्रवाहाची गणितं मात्र छान वाटली जातात. तिथे अडतं ते मेमरीपाशी. लाटणाऱ्या सोळा जणी, पण डब्यातून पीठ काढून देणाऱ्या दोघीच! एका मित्राच्या १६ कोअरच्या मशीनवर आम्ही आमचंच एक गणित ४, ८ आणि १६ कोअरवर चालवून पाहिलं. आठाच्या पुढे वेळ जेमतेम कमी झाला.

तिथेच माझं मत ठरलं. रायझन ९ ९९५०एक्स बाजारात आला तेव्हा ६४९ डॉलरला होता. १६ कोअर, पण मेमरीचे चॅनेल दोन. थ्रेडरिपर ७९६०एक्स १,४९९ डॉलरला आला. २४ कोअर आणि चॅनेल चार. शिवाय त्याला महागडा मदरबोर्ड आणि रजिस्टर्ड मेमरीच लागते. टीडीपीही १७० वॅटऐवजी ३५०. व्हिडिओ संपादनासाठी कुणी विचारलं, तर मी डोळे झाकून रायझन सांगेन.

आम्ही थ्रेडरिपर घेतला. चारही चॅनेलमध्ये मेमरीच्या पट्ट्या बसवल्या, नाहीतर एवढ्या पैशांना अर्थ नव्हता. ग्राफिक्स कार्ड साधंच ठेवलं. स्वयंपाकघराचा नवा ओटा पुढे ढकललाय. नवऱ्याचं पहिलं बिल वसूल झालं की त्याची मापं घ्यायची आहेत.