हप्ता थकला, फोन वाजतोय, बोलायचं काय?

मैत्रिणींनो, सोयाबीनला भाव नाही, त्यात घरात दुखणं निघालं की फायनान्सचा हप्ता राहतो. मग फोन सुरू होतात. अशा वेळी फोन बंद ठेवू नका आणि घाबरून "उद्या भरते" असंही म्हणू नका.

आधी बोलणाऱ्याचं नाव, कंपनी आणि थकबाकी विचारा. तारीख-वेळ घालून वहीत लिहा. मग खरं ते सांगा: "या महिन्यात पाचशेच जमतील. हप्ता कमी करून मुदत वाढवता येईल का, ते लेखी कळवा." जमेल तेवढंच कबूल करा. पैसे दिले की पावती घ्याच.

मायक्रोफायनान्स कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, सारखे फोन, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत नाव जाहीर करणं, हे सगळं नियमाबाहेर आहे. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस अटक करत नाहीत. कर्ज मात्र फेडायचंच आहे.

त्रास थांबला नाही तर कंपनीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

आणि ताई, हा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढू नका. गटाच्या बैठकीत मोकळेपणी सांगा. सोबत दोघी असल्या की बोलायला धीर येतो.