ॲक्सलचं काम: पॅकिंग टाकायचं की सिलिकॉन?

खडकी-बोपोडीत, नाहीतर हॅरिस पूल ओलांडून दापोडीत गॅरेज टाकायचं डोक्यात असेल, तर तुमच्या दारात टेम्पो येणारच. ४०७ रस्त्यावर आली १९८६ मध्ये, छोटा हत्ती २००५ मध्ये. जुन्या गाड्या भरपूर आणि "मागून तेल गळतंय" ही ठरलेली तक्रार.

कारागीर लगेच ट्यूब हातात घेतो. थांबवा त्याला. आधी गळती कुठून आहे ते बघा. हौसिंगचा ब्रीदर मातीने बुजला असेल तर तेल तापल्यावर आतली हवा फुगते, वाट मिळेल तिथून तेल ढकलते. मग तुम्ही काहीही लावा, आठवड्यात गाडी परत. आणि आतलं ऑइल सील गेलं असेल तर तेल ड्रममध्ये उतरून लायनर भिजतात. ब्रेक लागत नाही! तिथे सिलिकॉनचा थर देऊन गाडी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. सील बदला, भिजलेले लायनरही बदला.

आता खरा प्रश्न. पॅकिंगचा मोठा फायदा वेळेचा. बोल्ट टॉर्कने आवळले, तेल भरलं, गाडी मोकळी. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं. वरून दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, पण पूर्ण पकडायला साधारण २४ तास लागतात (ट्यूबवर लिहिलेलं असतं, वाचा की!). टेम्पोवाल्याची एक दिवसाची फेरी बुडणार, हे भाव सांगतानाच बोला: "दादा, आज खोलतो, गाडी उद्या संध्याकाळी मिळेल." संध्याकाळी गाडी द्यायचीच असेल तर पॅकिंग.

सिलिकॉन कुठे चांगलं? हौसिंगच्या तोंडावर थोडे खड्डे, ओरखडे असतील तिथे कागदी पॅकिंग पुरत नाही. जुनं खरवडून काढा, तेलाचा अंश पुसा, बारीक सलग रेघ ओढा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जाड थापलं की जास्तीचं आत पिळलं जातं, सुटून तेलात पडतं. पॅकिंगवर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासायची आपल्याकडे सवय आहे. मला ती पटत नाही. आवळताना पॅकिंग घसरतं, कधी फाटतं.

एक ठिकाण मात्र पक्कं लक्षात ठेवा: जिथे पॅकिंगच्या जाडीवर बेअरिंगची फट ठरते, तिथे पॅकिंगऐवजी ट्यूब चालत नाही. कंपनीचं मॅन्युअल बघा, त्याच जाडीचं टाका.

दुकानात माल किती ठेवायचा? पॅकिंग गाडीगणिक वेगळं, पैसा अडकतो. सुरुवातीला तुमच्या भागात जास्त फिरणाऱ्या दोन-तीन मॉडेलचीच ठेवा. सिलिकॉनच्या ट्यूब एकदम खोकाभर घेऊ नका. त्यांना मुदत असते, आणि उघडलेली ट्यूब तोंडाशी लवकर घट्ट होते.