चित्रकलेच्या तासाला गोंधळ का होतो?

चित्रकलेचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले शिक्षक दार लोटून घेतात. बाकांची सरकासरक, नळावर गर्दी, "बाई, ह्याने माझा ब्रश घेतला" अशा तक्रारी. चित्र काढणारी मुलं उठणार, एकमेकांच्या कागदात डोकावणार, बोलणार. गणिताच्या तासाची शांतता इथे मागणंच चूक. पण मोकळीक वेगळी आणि धुडगूस वेगळा, आणि नुसता आवाज चढवून धुडगूस थांबत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण करून शिस्तीचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७० साली आलं. शिस्तीचे वर्ग आणि विस्कळीत वर्ग यांतला फरक शिक्षकांच्या रागावण्याच्या पद्धतीत त्यांना सापडला नाही. तो खोडी होण्याआधीच्या वागण्यात सापडला. चांगल्या शिक्षकाचं लक्ष सगळीकडे असतं आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना तो मुलांना रेंगाळू देत नाही.

चित्रकलेच्या वर्गात रेंगाळायला जागा फार. ३५-४० मिनिटांचा तास. त्यात कागद वाटणं, पाणी आणणं, ब्रश धुणं यातच निम्मा वेळ जातो. हात रिकामे असले की मारामारी ठरलेली. म्हणून अनुभवी कलाशिक्षक तासाआधीच प्रत्येक बाकावर अर्धी कापलेली पाण्याची बाटली आणि पुसायचं फडकं ठेवतात. कागद वाटायचं काम आठवड्याच्या पाळीने मुलांकडेच, आणि त्यात वर्गातल्या सर्वांत दंगेखोर मुलाची पाळी लवकर येते. रंग उघडण्याआधी कागदामागे नाव लिहून घेतलं जातं. आवराआवरीला शेवटची पाच-सात मिनिटं राखलेली असतात. ती वाचवायला गेलं की पुढच्या तासाचे शिक्षक दारात उभे आणि फरशीवर पाणी, हे ठरलेलंच.

एवढं करूनही एखादा मुलगा कागद चुरगळतो, शेजारणीच्या चित्रावर रेघ मारतो. याचं कारण बाटली-फडक्यात नसतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियात जन्मलेल्या कलाशिक्षकाने १९४७ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना चित्र खरंखुरं दिसावंसं वाटू लागतं. डोळ्याला चूक कळते, हाताला मात्र ती दुरुस्त करता येत नाही. आपल्याकडे हा काळ चौथी ते सातवीचा. सहा वर्षांची असताना बेधडक हत्ती काढणारी मुलगी याच वयात "मला नाही येत" म्हणते, आणि ते लपवायला काही मुलं दंगा करतात. अशा वेळी ओरडा मिळाला की चित्रकला आपली नव्हे, हे मनात पक्कं बसतं.

इथे बाईंचं बोलणं सर्वांत जास्त उपयोगी पडतं. नुसतं "छान" म्हटल्याने मुलाला काहीच कळत नाही. "झाडाची सावली तू जांभळी केलीस, का बरं?" असं विचारलं की तो स्वतःच्या चित्राकडे नव्याने बघतो. मुलाच्या कागदावर शिक्षकाने स्वतःची पेन्सिल चालवू नये. दाखवायचंच असेल तर वेगळा कागद घ्यावा. भिंतीवर निवडक पाच चित्रं लावण्यापेक्षा आळीपाळीने सगळ्यांची लावावीत. दुसऱ्याच्या चित्राला हसायचं नाही, हा नियम मुलांकडूनच वदवून घेतला तर तो टिकतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. वर्गासमोर चित्र फाडणं हा छळच आहे. याच कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा.

मुख्याध्यापकांना एकच विनंती. चित्रकलेचे दोन तास सलग द्या, आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून ते गणिताला देऊ नका.