मदतीस धावणाऱ्यांची सुरक्षा

अहवाल वर्षात आपल्या रुग्णालयाने आपत्तीनंतरच्या कामावर जाणाऱ्यांसाठी सुरक्षा-प्रशिक्षण वर्ग घेतले. रुग्णसेवेच्या निधीतून हा खर्च कशासाठी, अशी पृच्छा काही हितचिंतकांनी केली. पृच्छा रास्त आहे; म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आपल्या जिल्ह्यात अकोल्याकडे सह्याद्रीचे उतार आहेत, कोपरगावास गोदावरीचा काठ आहे, आणि एरव्ही अवर्षणग्रस्त असलेल्या पाथर्डी-शेवगाव भागानेही सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीचा तडाखा सोसला. पूर ओसरताच चिखलात उतरतात ते गावचे तरुण, ग्रामपंचायतीचे सफाई कर्मचारी, जेसीबीचे चालक आणि वायरमन. त्यांच्यापैकी बहुतेकांना हे काम करावयाचे कसे, हे कोणी सांगितलेले नसते.

न सांगितल्याची किंमत किती असू शकते हे नेवासा तालुक्यातील वाकडी गावी दिसले. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. शेणकाला साठविलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढण्यास एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा. असे एकामागून एक सहा जण उतरले. पाच दगावले. जो वाचला, त्याच्या कमरेस दोर बांधलेला होता.

सडणाऱ्या शेणातून आणि गाळातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. पैकी हायड्रोजन सल्फाइड अत्यंत विषारी. त्यास कुजक्या अंड्यासारखा वास असतो, परंतु प्रमाण वाढताच नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, अशा समजुतीने माणूस खाली उतरतो. पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही पुरेशी नाही. तिने प्राणवायूची उणीव कळते, विषारी वायू कळत नाही. शिवाय मिथेन असल्यास भडका उडण्याचे भय. पुराचा गाळ भरलेल्या विहिरीतही हाच धोका असतो, आणि पुरानंतर गावाचे पहिले काम बहुधा विहीर उपसण्याचेच असते.

म्हणून वर्गात प्रथम शिकविले जाते ते हे : आधी वायुमापक यंत्र खाली सोडावे, कमरपट्टा व दोराविना कोणीही उतरू नये, दोर धरणारे वर असावेत आणि खालचा माणूस बोलेनासा झाला तर त्यास ओढून घ्यावे, त्याच्यामागे उतरू नये. ऐकावयास सोपे आहे. परंतु भाऊ खाली निपचित दिसत असता काठावर थांबणे कोणास जमेल? त्यासाठीच हा प्रसंग पुनःपुन्हा करवून घेतला जातो.

दुसरा धडा रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री तेथे दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. बचाव पथके पावसात डोंगर चढून गेली. त्या चढणीतच नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावले. तेव्हापासून आम्हांस वाटू लागले की, मदतीस जाणाऱ्याची प्रकृती आधी तपासणे हे रुग्णालयाचेच काम आहे. वर्गास येणाऱ्यांचा रक्तदाब व साखर तपासली जाते. डॉक्टरांनी सांगितल्यास हृदयालेखही काढला जातो. कित्येकांची ही आयुष्यातील पहिलीच तपासणी असते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. खिळा-पत्रा लागतोच, म्हणून धनुर्वाताची लस. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो (२००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला), म्हणून गमबूट, जखमेवर पट्टी आणि वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या. वीजपुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय ओल्या घरात पाऊल नाही.

हिशेबाच्या दृष्टीने या खर्चाची एक अडचण आहे. न झालेल्या अपघाताचे बिल निघत नाही, त्यामुळे जमेच्या बाजूस दाखविण्याजोगे आमच्यापाशी काही नाही.

यंदाचे वर्ग पावसाळ्यापूर्वी अकोले व कोपरगाव तालुक्यांत घेण्याचा मानस आहे. वायुमापक यंत्र सध्या एकच असून, ते एका गावी गेले की दुसऱ्या गावचा वर्ग थांबतो. दुसऱ्या यंत्रासाठी व चार कमरपट्ट्यांसाठी देणगी स्वीकारली जाईल.